ध्रुवीय जहाजावरून फोटो काढताना: ६०० ची लेन्स घ्यावी का, आणि बाकी बरंच काही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की अंटार्क्टिकाची एक्स्पिडिशन क्रूझ ठरतेय, हाताशी एक क्रॉप सेन्सर बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि त्याच्याबरोबर आलेली किट लेन्स आहे, तर ६०० एमएमची प्राइम लेन्स, म्हणजे झूम न होणारी, घ्यायलाच लागेल का, ट्रायपॉड न्यावा का आणि बर्फातले फोटो करडे येतात त्यावर उपाय काय. पुढे कधीतरी स्वालबार्डलाही, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या नॉर्वेच्या बेटांवरही, जायचंय म्हणताय. मी अशाच जहाजांवर फोटो गाईडचं काम करतो, लोक काय काय घेऊन येतात आणि त्यातलं काय केबिनमध्येच पडून राहतं हे रोज बघतो, तेव्हा जरा सविस्तरच लिहितो.

६०० प्राइम नका घेऊ. १००-४०० किंवा त्या रेंजमधली कुठलीही बरी झूम घ्या, विकत नको असेल तर भाड्याने घ्या. क्रॉप सेन्सरवर ४०० म्हणजे तसंही ६०० इतकंच जवळ दिसतं. झूमच का, तर तिथे तुम्हाला मागेपुढे सरकायची मोकळीक जवळजवळ नसतेच. झोडिॲकमध्ये, म्हणजे त्या फुगवलेल्या रबरी बोटीत, एकदा बसलात की बसलात, किनाऱ्यावर गाईडनी झेंडे रोवून वाट आखलेली असते, आणि जहाज कुठे न्यायचं ते कॅप्टन ठरवणार. पेंग्विन ५ मीटरवर उभा असेल तर ६०० मधून फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर, जेमतेम ३० सेंटिमीटर रुंदीचा तुकडा दिसतो, म्हणजे डोकं आणि मान, संपलं. त्याच्या मागे हिमनदी आहे, बाजूला पिल्लू आहे, ते सगळं गेलं.

आता ध्रुवीय अस्वलाचा हिशोब करून बघा, कारण मोठ्या लेन्सचा मोह खरा त्याच्यासाठीच असतो. स्वालबार्डमध्ये १ जानेवारी २०२५ पासून नियम असा आहे की अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. साधारण सव्वादोन मीटर लांबीचं अस्वल ३०० मीटरवर आडवं उभं आहे असं धरा. ५०० एमएम लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा पडते पावणेचार मिलिमीटरच्या आसपास, आणि फुल फ्रेम सेन्सर असतो ३६ मिलिमीटर रुंद. म्हणजे अस्वल फोटोच्या रुंदीचा साधारण दहावा हिस्सा. ६०० लावली तर आठवा हिस्सा. तुमच्या क्रॉप बॉडीवर ४०० लावली तरी आठवाच. एवढ्या फरकासाठी तीनेक किलोची लेन्स विमानातून, जहाजातून आणि थंडीत हातात धरून फिरवायची का हे तुम्हीच ठरवा, माझं मत मी सांगितलं.

आणि मला खरं जे सांगायचंय ते इथूनच सुरू होतं. अस्वल कुठल्याही लेन्समधून लहानच दिसणार असेल तर ते लहान असलेलाच फोटो नीट काढायला शिका. मैलोगणिक पसरलेला तुटका बर्फ, त्यात निळसर फटी, वर शिशाच्या रंगाचं आभाळ आणि मधे एक पिवळसर ठिपका चालतोय, हा फोटो बघणाऱ्याला लगेच कळतं की हा प्राणी कुठे राहतो आणि कसा जगतो. क्रॉप करून करून त्याचा चेहरा मोठा केला तर तो कुठलाही असू शकतो. तेव्हा अस्वल दिसलं की पहिले दहा-वीस फोटो जवळचे काढून घ्या, मन शांत होतं, आणि मग लेन्स १५० किंवा २०० वर आणून जागा बघायला लागा. अस्वल ज्या दिशेने चाललंय तिकडे रिकामी जागा सोडा. त्याच्या वाटेत एखादा उभा बर्फाचा कडा किंवा पाण्याची फट येणार असेल तर ते तिथे पोचेपर्यंत थांबा. बर्फाशेजारी अस्वलाची फर क्रीम रंगाची दिसते, एडिट करताना ती पांढरीशुभ्र करू नका, तो उबदार रंगच त्याला बर्फातून वेगळा काढतो.

बॅगेत जागा असेल तर दुसरी लेन्स नेण्याआधी दुसरी बॉडी न्या. जुनी असली, कोणाची मागून आणलेली असली तरी चालेल. एकावर टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, एकावर २४-७० किंवा तुमची किट लेन्स. झोडिॲकमध्ये लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर खारे तुषार घेणं, आणि लेन्स बदलेपर्यंत समोरचं सगळं होऊन गेलेलं असतं ते वेगळंच. शिवाय ज्या ठिकाणी रिपेअरचं दुकान सोडा, गावसुद्धा नाही तिथे एकच बॉडी घेऊन जाणं मला तरी पटत नाही.

ट्रायपॉड घरीच ठेवा. जहाज हलतं, डेकला इंजिनची थरथर असते, आणि किनाऱ्यावर वेळ इतका कमी असतो की पाय उघडण्यातच तो जातो. ही थरथर लक्षात ठेवा, कारण बरेच जण लेन्स रेलिंगवर टेकवून फोटो काढतात आणि सगळे किंचित हललेले येतात. रेलिंगला कोपर किंवा लेन्स न टेकवता गुडघे सैल ठेवून उभं राहायचं, जहाजाची हालचाल पायांनी झेलायची.

यानंतरची गोष्ट कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त फरक पाडते: डेकवर थांबा. जेवणं लांबतात, लेक्चर असतात, लाउंजमध्ये गरम कॉफी असते, आणि बाहेर वारा बोचत असतो. पण ध्रुवाकडे काय कधी समोर येईल याला टाईमटेबल नसतं. स्पीकरवर व्हेल दिसल्याची घोषणा झाल्यावर केबिनमधून जाकीट-बूट चढवून वर यायला दहा मिनिटं जातात आणि तेवढ्यात व्हेल गेलेला असतो. घोषणेत घड्याळाचे आकडे सांगतात, जहाजाचं पुढचं टोक म्हणजे १२, उजवी बाजू ३, डावी ९, हे आधीच डोक्यात बसवून ठेवा म्हणजे '११ वाजता व्हेल' म्हटल्यावर नजर बरोबर डावीकडे पुढे जाते. डेकही निवडून घ्या. पक्षी आणि व्हेलसाठी जितका खालचा डेक तितकं बरं, प्राणी नजरेच्या पातळीला येतो आणि मागे क्षितिज मिळतं. तुटलेल्या बर्फाची नक्षी हवी असेल तर सगळ्यात वर जा.

जाताना ड्रेक पॅसेजचे, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांमधल्या समुद्राचे, साधारण दोन दिवस असतात आणि बहुतेक लोक ते आडवे पडून काढतात. ज्यांना जहाज लागत नाही त्यांच्यासाठी मात्र ते दोन दिवस म्हणजे उडत्या पक्ष्यांची शाळा आहे. अल्बट्रॉस, जायंट पेट्रेल, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे केप पेट्रेल जहाजाच्या मागे तासन् तास येत राहतात. वाँडरिंग अल्बट्रॉसच्या पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत जातो आणि तो पंख जवळजवळ हलवतच नाही, लाटांवरच्या वाऱ्यातून उंची घेतो, वळतो, खाली येतो, आणि एकदा बघत बसलात की कळतं की तो तेच वळण पुन्हा पुन्हा घेतोय. ते वळण ओळखा. मागच्या डेकवर आडोशाला उभे राहा, शटर १/२००० किंवा त्याहून वर, सतत चालणारा ऑटोफोकस, फोकसचा मध्यम झोन, आणि पक्षी लांब असतानाच त्याला फ्रेममध्ये घेऊन त्याच्याबरोबर वळत राहा, जवळ आल्यावर शोधायला गेलात तर सापडणार नाही. पंखाचं टोक पाण्याला अगदी लागेल असं वाटतं तो क्षण सगळ्यात सुंदर असतो. गडद समुद्रावर पांढरा पक्षी असेल तर कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो आणि पिसांमधला तपशील जळून जातो, तेव्हा एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली घ्या. ज्यांना मळमळतंय त्यांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसू नये, क्षितिजाकडे बघत राहावं, फोटो नंतर बघता येतात.

बर्फात उलटं होतं. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो, म्हणून पांढरा बर्फ करडा येतो. ढगाळ हवेत +०.७ ते +१.३ पर्यंत एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन द्या आणि हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) बघा, तो उजव्या टोकाच्या जवळ जायला हवा पण भिंतीला चिकटायला नको. हायलाइट जळले की लुकलुकणारा अलर्ट कायम चालू ठेवा. पण पेंग्विनच्या बाबतीत मी याहून सोपं सांगतो, पूर्ण मॅन्युअलवर जा. कारण पेंग्विन पाठमोरा असला की फ्रेममध्ये काळं जास्त, वळला की पांढरं जास्त, मीटर प्रत्येक वेळी वेगळा आकडा सांगतो, आणि प्रत्यक्षात उजेड तर बदललेलाच नसतो. त्याच्या छातीवर उजेड पडलेला असताना एकदा एक्स्पोजर लावा, छातीच्या पांढऱ्यात पिसं दिसतायत ना बघा, आणि ढग बदलेपर्यंत हात लावू नका. आणि सगळं रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा, जेपेगमध्ये बर्फाचे बारीक टोन वाचवायला फार वाव राहत नाही.

आभाळ भरून आलं की लोक नाराज होतात. मला तर तीच हवा आवडते. कडक उन्हात काळा-पांढरा प्राणी पांढऱ्या बर्फावर म्हणजे कॅमेऱ्याची परीक्षाच, ढगात तोच पेंग्विन सहज जमतो, आणि बर्फाचा निळा रंगही ढगाळ हवेतच खुलतो. हा निळा येतो कुठून, तर हिमनदीचा बर्फ वर्षानुवर्षं दाबला गेला की त्यातले हवेचे बुडबुडे निघून जातात, मग उजेड आत खोलवर शिरतो, बर्फ त्यातला लाल भाग शोषून घेतो आणि निळा तेवढा परत बाहेर येतो. उन्हात पृष्ठभागाची चकाकी त्यावर मात करते. ऑटो व्हाइट बॅलन्स मात्र हा निळा चुकीचा समजून करडा करायला बघतो, म्हणून व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवून द्या, निदान स्क्रीनवर बघताना तरी फसगत होणार नाही. आणि एडिट करताना निळा ओढून ओढून शाईसारखा करू नका, खरा रंगच पुरेसा आहे.

उजेडाच्या वेळा आधी समजून घ्या, कारण तिथे सकाळ-संध्याकाळचं गणित वेगळं असतं. अंटार्क्टिक पेनिन्सुलावरची बरीचशी ठिकाणं ६५ अंश दक्षिणेच्या आसपास आहेत. डिसेंबरच्या अखेरीला तिथे मध्यरात्री सूर्य क्षितिजाच्या खाली जातो तो फक्त दीड-दोन अंश, त्यामुळे रात्री साडेदहा-अकरापासून पहाटे तीनपर्यंत आभाळात रंग टिकून राहू शकतात. दुपारी झोपा, रात्री जागा. मार्चपर्यंत रात्री पुन्हा नेहमीसारख्या काळोख्या होतात आणि सूर्यास्त सोयीच्या वेळेला येतो. स्वालबार्डचं लाँगइयरब्येन ७८ अंश उत्तरेला, तिथे जूनमध्ये मध्यरात्रीचा सूर्यसुद्धा क्षितिजापासून ११ अंशांवर असतो, दुपारी ३५ च्या आसपास, म्हणजे चोवीस तास बराचसा सारखाच उजेड. मध्यरात्रीचा सूर्य म्हणून लोक सोनेरी उजेडाची वाट बघत बसतात आणि तो जूनमध्ये म्हणावा तसा येतच नाही. लांब सावल्या आणि गुलाबी बर्फ हवा असेल तर ऑगस्टच्या अखेरीला जा.

अंटार्क्टिक पेनिन्सुलाजवळच्या लेमेअर चॅनलसारख्या ठिकाणी मात्र वेळ कुठलीही असो, बाहेर असायलाच हवं. सुमारे ११ किलोमीटर लांब अरुंद खाडी, दोन्ही बाजूंनी उभे कडे, लोकांनी तिला कोडॅक गॅप असं टोपणनाव दिलंय ते उगाच नाही. सगळे पुढच्या टोकाला गर्दी करतात आणि सगळे वाइड लेन्सने तोच फोटो काढतात. वाइडने डोंगर छोटे होतात. टेली लावा, ७० ते २०० मध्ये, आणि कड्याचा एकच तुकडा घ्या, ढगातून बाहेर आलेलं टोक, हिमनदीची तुटलेली कड, पाण्यातलं अर्धं प्रतिबिंब. ध्रुवावरचे माझे आवडते लँडस्केप फोटो जवळजवळ सगळे टेलीचे आहेत.

लँडस्केपमध्ये दुसरी अडचण आकाराची. तिथे झाडं नाहीत, घरं नाहीत, त्यामुळे हिमनग दहा मीटरचा की शंभर मीटरचा हे फोटोत कळतच नाही. हर्बर्ट पाँटिंग, कॅप्टन स्कॉटच्या अंटार्क्टिकातल्या टेरा नोव्हा मोहिमेचा फोटोग्राफर, त्याने जानेवारी १९११ मध्ये हिमनगातल्या एका गुहेच्या आतून जहाजाचा फोटो काढला. गुहेच्या तोंडाशी दोन माणसं उभी आहेत. अंगठ्याने ती माणसं झाकून तो फोटो बघा, गुहेचा आकारच नाहीसा होतो. तुम्हालाही तेच करायचंय, दुसरी झोडिॲक हिमनगापाशी येऊ द्या, नाहीतर बर्फावर बसलेले पेंग्विन, एखादा सील, अगदी उडता टर्न पक्षीसुद्धा चालतो. झोडिॲकचा ड्रायव्हर हिमनगाच्या फार जवळ नेणार नाही, आग्रह करू नका, हिमनगाचा नऊ दशांश भाग पाण्याखाली असतो आणि तो कधीही उलटू शकतो.

झोडिॲकमध्ये साधारण दहा-बारा जण बसतात. चढता-उतरताना खलाशाचं मनगट धरायचं आणि त्याने तुमचं, म्हणून दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा तेवढा वेळ ड्राय बॅगमध्ये. बोट वेगात असतानाही बॅगेतच. मागे ड्रायव्हरजवळ बसलं की उसळी आणि तुषार दोन्ही कमी लागतात. इंजिन मंद झालं की कॅमेरा काढा, शटर १/१००० च्या खाली जाऊ देऊ नका, ॲपर्चर एफ/८ च्या आसपास, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटो. आणि हो, आयएसओला घाबरू नका, थोडा ग्रेन आलेला फोटो चालतो, हललेला चालत नाही. झोडिॲकची खरी मजा म्हणजे तुम्ही पाण्याच्या जवळजवळ पातळीला असता. खाली वाकून कॅमेरा कडेच्या रबरी ट्यूबच्या उंचीवर धरला की बर्फाचा साधा तुकडासुद्धा डोंगरासारखा उभा राहतो, आणि बर्फावर पहुडलेला लेपर्ड सील नजरेला नजर देतो. ड्रायव्हरला विचारल्याशिवाय उभं राहायचं नाही. तुमच्या बाजूला काही नसेल तर खट्टू होऊ नका, चांगला ड्रायव्हर बोट फिरवून दोन्ही बाजूंना संधी देतो, तोपर्यंत समोरच्या माणसासाठी खाली वाकून बसा, पुढच्या वेळी तोही वाकेल.

किनाऱ्यावर उतरल्यावर काही नियम आहेत, त्यांचा फोटोवर थेट परिणाम होतो. अंटार्क्टिकात जाणाऱ्या टूर कंपन्यांची आयाटो ही संघटना १९९१ पासून आहे. एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी किनाऱ्यावर, आणि ५०० हून जास्त प्रवासी असलेली जहाजं माणसं उतरवतच नाहीत, म्हणून फोटोसाठी जाणार असाल तर लहान जहाज बघा. २०० लोकांच्या जहाजावर अर्धे उतरतात, अर्धे झोडिॲकमध्ये, मग अदलाबदल. १०० च्या आतलं असेल तर सगळ्यांना पूर्ण वेळ. प्राण्यांपासून किमान ५ मीटर, फर सीलपासून १५, आणि गाईड जास्त सांगेल तर जास्त. हौसेने ड्रोन उडवायला तर बंदीच आहे.

त्यात बर्ड फ्लूची भर पडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो साउथ जॉर्जियाला पोचला, फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर सापडला. त्यामुळे आता किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, आडवं व्हायचं नाही, बॅगही जमिनीवर ठेवायची नाही. पेंग्विनच्या उंचीवरून फोटो काढायचा तर फक्त पायांवर उकिडवं बसायचं आणि कॅमेरा खाली धरून उलगडणाऱ्या स्क्रीनवर बघायचं. बॉडी घेताना ती स्क्रीन बाहेर उघडते की नाही हे म्हणूनच बघून घ्या, मी ते मेगापिक्सेलच्या आधी बघेन. बॅग अशी घ्या की खांद्यावरून न काढता पुढे फिरवून उघडता येईल. उतरण्याआधी बूट जंतुनाशकात बुडवतात, वेल्क्रो आणि खिसे व्हॅक्युम करून घेतात, गवताचं एक बी सुद्धा तिकडे जाता कामा नये. हे सगळं मनापासून करा. आपण नेलेल्या रोगाने एक वसाहत जरी मेली तर आपल्या फोटोंना काय अर्थ राहणार?

वसाहतीत पोचलात की लगेच मधे घुसून कॅमेरा चालवू नका. पाच मिनिटं नुसते उभे राहा. पेंग्विन समुद्रातून घरट्याकडे ज्या वाटेने येतात-जातात ती बर्फात खोल रुतलेली वाट दिसेल, क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) खाल्ल्यामुळे विष्ठेचा गुलाबी रंग तिच्यावर पसरलेला असतो. तिच्यात उभं राहायचं नाही, ओलांडायचीच झाली तर गाईड दाखवेल तिथूनच. पण त्या वाटेला जिथे वळण असतं तिथे बाजूला, अंतर सोडून उभे राहा आणि वाट बघा. पेंग्विन ओळीने येतात, वळणावर थांबतात, एकमेकांकडे बघतात, एखादा घसरून पोटावर आपटतो, मागचा त्याच्यावर अडखळतो. मागे हिमनग येईल अशी फ्रेम आधीच लावून ठेवा, प्राणी स्वतःहून तिच्यात येतात. जेंटू पेंग्विन चोचीत दगड घेऊन घरट्याकडे निघाला असेल तर त्याच्या मागोमाग नजर ठेवा. तो जोडीदारासमोर दगड ठेवतो, दोघं वाकून मान हलवतात, आणि तेवढ्यात शेजारचा मागून येऊन कडेचा एक दगड पळवतो. हा सगळा प्रसंग अर्ध्या मिनिटात होतो आणि पुन्हा पुन्हा होतो, पहिल्यांदा चुकला तरी घरटं तेच ठेवा, हलू नका. तुम्ही स्थिर असलात तर पेंग्विन स्वतःच ५ मीटरच्या आत येतात, अशा वेळी शांत उभं राहायचं, हात पुढे करायचा नाही. वसाहतीत फोकस एका बिंदूवर किंवा अगदी लहान झोनवर आणा, नाहीतर डोळा ओळखणारा ऑटोफोकस मागच्या पन्नास डोळ्यांत भरकटतो. बर्फ पडत असेल तरी हेच, मोठा झोन पडणाऱ्या बर्फावर फोकस करतो. १/१००० ला तो बर्फ ठिपक्यांसारखा येतो, १/१२५ ला रेघांसारखा, दोन्ही करून बघा.

महिना निवडायचा असेल तर, नोव्हेंबरमध्ये बर्फ स्वच्छ आणि जोड्या जमवणं, दगड गोळा करणं चालू असतं. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीत पिल्लं. फेब्रुवारीत मोठी झालेली पिल्लं खाण्यासाठी आईबापांच्या मागे धावतात, पॅनिंगला (प्राण्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढायला) फार छान, पण जमीन चिखलाची. व्हेलसाठी फेब्रुवारी-मार्च.

हंपबॅकचा शेपटीचा फोटो सगळ्यांना हवा असतो, आणि तो नशिबाचा वाटतो तितका नाही. व्हेल वर येऊन काही वेळा श्वास घेतो, दर वेळी पाठ थोडीच दिसते. खोल बुडी मारायच्या आधी पाठ नेहमीपेक्षा जास्त उंच कमानीसारखी वाकते. कमान दिसली की बटण दाबून धरा, शेपटी येणारच. १/१६०० तरी हवा, कडांवरून गळणाऱ्या पाण्याचे थेंब त्यातच सुटे सुटे दिसतात. मागून किंवा तिरप्या बाजूने शेपटीची खालची बाजू मिळाली तर फारच चांगलं, कारण त्यावरची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक व्हेलची वेगळी असते. हॅपीव्हेल नावाच्या उपक्रमाला असे फोटो पाठवले की तो व्हेल आधी कुठे दिसलाय का ते जुळवून बघतात आणि तुम्हाला कळवतात. त्यासाठी तारीख, वेळ आणि ठिकाण लागतं, म्हणून जहाजावर चढतानाच दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं एकसारखी लावून घ्या.

थंडीबद्दल लोकांना वाटतं तेवढं घाबरायचं कारण नाही, क्रूझच्या सीझनमध्ये पेनिन्सुलावर तापमान शून्याच्या आसपासच फिरतं, त्रास देतो तो वारा. पातळ आतले हातमोजे आणि वर उघडझाप करता येणारे मिटन्स असं घ्या. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाजवळ, थंडीने उतरलेली बॅटरी गरम झाली की बरीचशी परत चालते, म्हणून लगेच संपली समजू नका. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात. खरा धोका दमटपणाचा आहे. गार कॅमेरा उबदार केबिनमध्ये आणला की आतबाहेर पाणी धरतं. म्हणून बाहेरच, दाराशी, आधी मेमरी कार्ड काढून खिशात टाका, मग कॅमेरा झिपच्या पिशवीत किंवा बॅगेत बंद करून आत न्या आणि तासभर उघडू नका. कार्ड हातात असलं की उघडायची घाईही होत नाही. उलट्या बाजूने, केबिनमधून गरम लेन्स बाहेर आणल्यावर हूडमध्ये गरम हवा अडकून लांबचे फोटो पाण्यातून बघितल्यासारखे येतात, तेव्हा थोडा वेळ हूड काढून लेन्स गार होऊ द्या. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने किंचित ओल्या केलेल्या कपड्याने कॅमेरा पुसा, नुसत्या कोरड्या कपड्याने मिठाचे कण घासले जातात.

फोटो रोज दोन वेगळ्या एसएसडीवर घ्या, आणि त्या दोन वेगळ्या बॅगांमध्ये ठेवा. परतीच्या ड्रेकमध्ये निवड करायला बसा, घरी गेल्यावर होत नाही. एन्ड्युरन्स मोहिमेचा फ्रँक हर्ली १९१५ मध्ये बुडणाऱ्या जहाजात शिरून आपल्या काचेच्या निगेटिव्ह काढून घेऊन आला, मग मोहिमेचा प्रमुख शॅकल्टनबरोबर बर्फावर बसून त्याने सुमारे १२० काचा ठेवल्या आणि जवळजवळ ४०० तिथेच फोडल्या, परत विचार बदलायला नको म्हणून. तुम्ही काही फोडू नका, पण पहिल्या फेरीत एका प्रसंगाचे तीनच ठेवायचे असं ठरवा, एक जवळचा, एक जागेसकट, एक काहीतरी घडतानाचा.

निघायच्या आधी महिनाभर जवळपास जे पक्षी उडतात त्यांच्यावर हात बसवा, कावळे, कबुतरं, काहीही. तेच हातमोजे घालून, तीच झूम लावून. डोळे बंद करून शटर, आयएसओ आणि फोकस झोन बदलता येईपर्यंत करा, स्क्रीन न बघता. दोन्ही बॉडींवर बटणं एकसारखी लावून ठेवा. नवी बॉडी निघायच्या आदल्या आठवड्यात घेऊ नका, आत्ताच घ्या, आणि लेन्स भाड्याने घेणार असाल तर ठरलेल्या तारखेच्या चार-पाच दिवस आधीपासूनची घ्या, म्हणजे फोकस नीट लागतोय की नाही हे जमिनीवर असतानाच कळेल आणि बदलून घेता येईल.